फौजेनं मागणी घातली

पोकुआ नर्स झाली त्या दिवशी तिच्या आईनं खानावळीत आलेल्या प्रत्येकाच्या वाटीत मटणाचा एक तुकडा जास्तीचा घातला. त्याला आता तीन वर्षं झाली. तो तुकडा खाल्लेले लोक अजूनही जेवायला येतात, आणि उखळाशी बसून, उकडलेले कंद कुटून करतात त्या फुफूचा गोळा उलटणाऱ्या पोकुआला ‘डॉक्टर’ अशी हाक मारून पाठीवरचं गळू दाखवतात. ती हात धुऊन गळू बघते, औषध सांगते आणि पुन्हा उखळाशी जाऊन बसते. एजुरा गावात एवढी शिकलेली फुफू दुसरीकडे कुठं मिळत नाही.

सरकारचं तिच्यावर प्रेम नव्हतं असं मात्र कुणी म्हणू नये. ती शिकत असताना सरकारनं तिला विद्यावेतन दिलं आणि बदल्यात लिहून घेतलं, की पास झालीस की पाच वर्षं तू आमची, दुसरीकडे कुठं जायचं नाही. पोकुआ पास झाली, परवाना हातात आला आणि सरकार तिला विसरून गेलं. चौकशीला गेलं की साहेब म्हणायचे, जागा निघाल्या की कळवू. मग मी तोवर दुसरीकडे नोकरी धरू का, असं विचारलं की तेच साहेब दचकायचे. असं कसं, तू तर करारानं बांधलेली आहेस. नांदवायचंही नाही आणि सोडचिठ्ठीही द्यायची नाही, असा नवरा एजुराच्या मका बाजारात एखादीच्या वाट्याला आला असता, तर बाजारातल्या बायकांनी त्याला उखळातल्या मुसळानं सरळ केलं असतं. सरकारसाठी एवढं लांब मुसळ कुणाकडे नव्हतं.

अशात तिला कळलं की फौज नर्सेस घेते आहे. फौजेच्या अटी साध्या होत्या. उमेदवार बिनलग्नाची हवी, मूल नको, दुसऱ्या कुणाचा करार अंगावर नको आणि वय बसलं पाहिजे. वय बसत होतं, पण अगदी काठावर. पुढच्या भरतीला ती बाद होणार होती. करारातून मोकळं व्हायला तिनं कुमासीच्या कचेरीचे इतके खेटे घातले की तिथला पहारेकरी तिला स्वतःचं ब्लडप्रेशर दाखवायला लागला. अखेर एका साहेबांनी कंटाळून तिला मोकळं केलं. जाता जाता ते म्हणाले, की असं सोडून जाणाऱ्या पोरींमुळेच तर देशात नर्सेस कमी पडतात.

मग कुमासीच्या मैदानावर भरती झाली. फौजेला नर्स हवी होती, म्हणून फौजेनं सर्वांत आधी तिची उंची मोजली. मग दात बघितले. बैलाचे बघतात तसे, खालचा ओठ अंगठ्यानं ओढून. मग उन्हात पळवलं. पुढंमागं रोगीच पळत सुटला तर सलाईनची बाटली घेऊन मागं पळता यावं, हा हेतू असणार. पोकुआ धापा टाकत का होईना, पोचली. इंजेक्शन कुठं आणि कसं द्यायचं हे मात्र तिला शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही.

घरी तिनं यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. आमच्याकडे तशी पद्धतच आहे. व्हिसा, नोकरी, पोटातलं मूल, काहीही असो, हातात पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही. कारण दृष्ट लागते ती परक्याची नव्हे, घरच्याची. पोकुआच्या पाद्रीबाबांनीही तिला हेच सांगितलं होतं, शिवाय उपास सांगितला होता. म्हणून मैदानावर जाताना तिनं आईला सांगितलं, की कुमासीला वर्कशॉप आहे. या देशात वर्कशॉप म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही. फौजेच्या अर्जात ‘घरच्यांना कल्पना आहे का’ असा प्रश्न होता. तिथं तिनं बिनदिक्कत ‘आहे’ लिहिलं. आता फौज काय घरी येऊन विचारणार आहे थोडीच?

फौज घरी आली, ती शनिवारी.

शनिवार म्हणजे गावात अंत्यविधीचा दिवस. निम्मं गाव काळ्या-तांबड्या कापडात. पोकुआची आई सारपोमा आणि शेजारची फोसुआ, दोघी तयार होऊन आग्येकुम मामाची वाट बघत अंगणात बसल्या होत्या. आग्येकुम हा सारपोमाचा थोरला भाऊ आणि घराचा कर्ता. आमच्याकडे पोराला नाव बापाचं लागतं, पण हुकूम मामाचा चालतो. पोकुआला बाप होता; पण तो पलीकडच्या गावात आपल्या बहिणीच्या पोरांचा मामा होण्यात गुंतलेला होता. आग्येकुम मामा लॉरी स्टँडवर कुमासीच्या गाड्या भरायचा. दिवसभर ओरडून त्याचा आवाज असा झाला होता, की घरात मीठ मागितलं तरी शेजारी गाडी सुटल्यासारखे दचकत.

एक खासगी मोटार दारात थांबली. तीतून एक उंच, वाळलेला, पांढऱ्या सदऱ्यातला माणूस उतरला आणि त्याच्यामागून एक ठसठशीत बाई. माणसाचं नाव डेरी, फौजेत वॉरंट ऑफिसर, उत्तरेकडचा. बाईचं नाव आगबेको, कॉर्पोरल. उमेदवारांच्या घरची चौकशी करायला निघाले होते आणि लोक बिचकू नयेत म्हणून साध्या कपड्यांत होते. रिवाजाप्रमाणे आधी ते गावच्या प्रमुखाला भेटायला गेले होते, श्नॅप्स दारूच्या दोन बाटल्या घेऊन. पण प्रमुख अंत्यविधीला गेलेले. हे सगळं नंतर कळलं. त्या वेळी दिसलं ते एवढंच, की ओळखपाळख नसलेली दोन नीटनेटकी माणसं दारात उभी आहेत, आणि बाईच्या हातातल्या पिशवीत दोन बाटल्या एकमेकींवर आपटून किणकिणतायत.

बिनलग्नाची पोर ज्या घरात आहे, त्या घरात त्या किणकिणीचा अर्थ एकच. मुलाकडची माणसं दार ठोठावायला, म्हणजे मागणी घालायला, येतात तेव्हा बाटल्या घेऊनच येतात.

पुढची पाच मिनिटं पोकुआला नीट आठवत नाहीत. आईनं तिच्या हातातली फडताळ पुसायची फडकी हिसकावली, तिला आतल्या खोलीत ढकललं, मानेवर पावडर थापली आणि बजावलं, की बोलावल्याशिवाय पडद्याबाहेर यायचं नाही. तेवढ्यात येऊन पोचलेला मामा अंत्यविधीचं काळं कापड सोडून पांढरं गुंडाळायला धावला. आणि फोसुआ, जी एरवी बाजारात सुरण विकते आणि गावातल्या प्रत्येक लग्नात मुलीकडून बोलणी करते, तिनं खुर्ची पुढं ओढली, घसा साफ केला आणि चेहऱ्यावर असा भाव आणला, की पोर आम्हाला जड झालेली नाही, तुम्हीच नशीबवान आहात.

पाहुण्यांना पाणी दिलं. ते प्यायल्यावर मामा रिवाजाचं बोलला, की इकडे सगळं ठीक आहे, पायपीट करून आलात तुम्ही, तेव्हा काय बातमी आणलीत ती सांगा.

डेरी सरळ माणूस. तो म्हणाला, “आम्ही फौजेतून आलोय. तुमच्या घरची मुलगी आम्ही बघितली, आम्हाला पसंत आहे. घ्यायचं पक्कं करायच्या आधी घराची चौकशी करायची आमच्यात रीत आहे.”

पडद्याआड पोकुआला वाटलं, संपलं. आता मामा उठणार, गरजणार आणि सगळं बोंबलणार. पण बाहेर कुणी गरजलं नाही. उलट आईचा समाधानाचा निश्वास आतपर्यंत ऐकू आला. फौजेतला जावई. पगार पहिल्या तारखेला आणि म्हातारपणी पेन्शन. अंत्यविधीच्या दिवशी यापेक्षा शुभ काय घडणार?

“आमच्यातही तीच रीत आहे,” फोसुआ म्हणाली. “विचारा काय ते.”

डेरीनं विचारलं, घराण्यात कुणाला वेड होतं का? फोसुआ म्हणाली, नाही. चोरी, तुरुंग? नाही. फेफरं, क्षय, मोठं दुखणं? नाही. मुलीचं आधी लग्न, मूल? त्यावर फोसुआनं आधी अंगावरच्या कापडाची घडी नीट केली, कारण एवढ्या वयापर्यंत पोर बिनलग्नाची राहिली हे कुणापुढं फुशारकीनं सांगण्यासारखं नव्हतं. मग म्हणाली, “खूप आले. आम्ही परत पाठवले.” कॉर्पोरलबाईंनी लिहून घेतलं: अविवाहित.

आत पोकुआ थक्क झाली होती. फौजेला जी उत्तरं हवी होती, नेमकी तीच उत्तरं, तीही खात्रीशीर सुरात, बाहेर पडत होती. लग्नाची चौकशी आणि फौजेची चौकशी एकच असते हे तिला कुणी सांगितलं असतं, तर तिनं एवढे उपास केले नसते. बाहेर जाऊन खरं सांगावं हे तिच्या मनात आलं, नाही असं नाही. पण चाललंय ते चालू द्यावं, असंही आलं, आणि तेच जास्त पटलं. उत्तरं घेऊन ही माणसं जातील. घरचे नवऱ्या मुलाची वाट बघत बसतील. आणि ती एक दिवस दुसऱ्या वर्कशॉपला म्हणून जी जाईल, ती गणवेशातच परत येईल. पोकुआ खाटेवर टेकली. पावडर घामानं ओघळली होती, तीही तिनं नीट केली.

तिनं एकच गोष्ट विसरायला नको होती. ठोठावायला आलेल्यांची चौकशी झाली, की मुलीकडचे उलट चौकशी करतात.

मामानं पांढरं कापड खांद्यावर सारखं केलं. “आता आमची पाळी,” तो म्हणाला. “तुमच्याकडे कुणी वेडं?”

“घेताना तपासून घेतो,” डेरी म्हणाला. इतक्या घरांतून फिरला होता, पण उलट प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. तरी प्रश्न सरळ होता आणि त्यानं उत्तरही सरळ दिलं. “आत आल्यावर काहींना होतं. त्यांच्यासाठी वेगळा वॉर्ड आहे.”

मामानं फोसुआकडे पाहिलं. फोसुआनं आभाळाकडे पाहिलं.

“कुणाच्या हातून माणूस मेलंय?”

“हो. पण हुकमाशिवाय नाही.”

“आणखी बायका आहेत?”

“भरपूर,” डेरी अभिमानानं म्हणाला. “पूर्वी आम्ही कमी घ्यायचो. आता दरवर्षी नव्या घेतो.”

सारपोमाच्या हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. मामा लॉरी स्टँडवरचा माणूस, त्यानं बरंच पाहिलेलं. पण त्याचाही आवाज बसका झाला. पोरीला ठेवणार कुठं, असं त्यानं विचारलं. डेरीनं सांगितलं, आधी बराकीत, मग हुकूम येईल तिथं, वेळ आली तर शांतिसेनेतून लेबनॉनलाही. मुलाबाळांचं काय, हे फोसुआनं विचारलं. पहिली तीन वर्षं अजिबात नाही, डेरी म्हणाला. झालंच तर परत पाठवतो.

“मूल झालं म्हणून परत पाठवता?” फोसुआ म्हणाली. “लोक न झालं म्हणून पाठवतात.”

“आणि हे सगळं किती दिवस?” मामानं विचारलं.

“बारा वर्षं. नंतर पटलं तर ठेवून घेतो, नाही तर पेन्शन देऊन घरी. मध्येच पळून आली तर झालेला खर्च तुम्ही भरायचा. त्यासाठी घरच्या कर्त्याची सही लागते, म्हणून तर आलो.”

मामा उठून उभा राहिला. एवढा वेळ दाबून ठेवलेला स्टँडवरचा आवाज आता बाहेर पडला आणि रस्त्यावरून अंत्यविधीला चाललेली माणसं थबकली. “मुलाला बोलवा. आत्ता. ज्याला आमची पोर बारा वर्षांसाठी भाड्यानं हवीय, तो आहे कोण? नाव काय त्याचं?”

डेरीनं फाइल उघडली, एक पान उलटलं, दुसरं उलटलं.

“कुठला मुलगा?” तो म्हणाला.

सर्वांत आधी कळलं ते कॉर्पोरलबाईंना. त्यांनी रुमाल काढून त्यात तोंड खुपसलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मग फोसुआला कळलं. मग आईला. मामाला कळलं ते शेवटी, आणि ते कळताना त्याचा चेहरा कसा होत गेला हे पोकुआनं पडद्याच्या फटीतून पाहिलं. रागाचं तिला काही वाटलं नसतं. पण तो रागावला नव्हता. चालत्या गाडीतून कुणी खाली उतरवून द्यावं, तसा तो दिसत होता.

डेरीनं फाइल मिटली. उमेदवारानं खोटं लिहिलं आहे, तो म्हणाला. घरच्यांना कल्पना नाही आणि संमती नाही. नियमानं अर्ज इथंच संपतो. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्यामुळे ते जास्तच पक्कं वाटलं. वय काठावर, पुढची भरती नाही, करारातून सुटका झालेली, म्हणजे सरकारही आता तिचं उरलेलं नाही. राहिलं काय, तर उखळ. पोकुआनं पडदा सारला आणि न बोलावता बाहेर आली. आईनं जीभ चावली. पण आता रीतीचं काय राहिलं होतं?

ती मामासमोर गुडघ्यांत वाकली आणि म्हणाली, की मी लिहिलं ते खोटं, पण बाकी सगळं खरं आहे, आणि मला जायचंय.

मामानं आधी रस्त्यावर थबकलेल्यांना हाताच्या खुणेनं पुढं लावलं. मग बोलला तो घरातल्या माणसासारखा, स्टँडवरचा आवाज बाजूला ठेवून. “अख्ख्या फौजेला माहीत. पाद्र्याला माहीत असणारच. मला नाही.”

“दृष्ट लागेल म्हणून, मामा.”

“कुणाची? माझी?”

आमच्यात चेटूक आईच्या रक्तातून येतं असं म्हणतात, म्हणजे घरात कुणाची दृष्ट लागलीच तर ती आईची नाही तर मामाचीच लागायची. पाद्रीबाबांनी नाव घेतलं नव्हतं. पोकुआनंही मनात घेतलं नव्हतं. पण तोंड बंद ठेवलं ते कुणापासून, हे आता अंगणात सगळ्यांपुढं उघडं पडलं होतं. शिकायला गेली तेव्हा याच मामानं तिची पेटी गाडीच्या टपावर स्वतः बांधली होती आणि ड्रायव्हरला दम दिला होता, की पेटीवर दुसरं काही ठेवलंस तर बघ. तिला रडू आलं. तिला स्वतःची लाज वाटली.

“तीन वर्षं मी सगळ्यांना सांगत होते, मामा,” ती म्हणाली. “आता लागेल नोकरी, पुढच्या महिन्यात लागेल. लोक हसायला लागले. तुम्ही स्टँडवर सगळ्यांना सांगायचात, आमची पोर नर्स आहे, आणि तेच लोक इथं येऊन मला फुफू कुटताना बघायचे. या वेळी नाही झालं तर निदान तुम्हाला कुणापुढं खाली बघायला लागू नये. दृष्टीचं नंतर आलं. आधी हे होतं.”

डेरी निघायला उठला. तेव्हा फोसुआनं, जिला इतक्या वर्षांत बोलणी अर्धवट सोडून उठलेले पाहुणे कधी सहन झाले नव्हते, आपली खुर्ची त्याच्या वाटेत सरकवली.

“बाटल्या घरात आल्यात,” ती म्हणाली. “नवरा कोण ते राहू द्या. बाटल्या उंबऱ्याच्या आत आल्या की मुलीला तीनदा विचारायचं, घेऊ का म्हणून. त्याशिवाय कुणी घेऊनही जात नाही आणि टाकूनही जात नाही. की फौजेपुढं रीत सोडायची?”

डेरी म्हणाला, की त्या बाटल्या प्रमुखांसाठी आहेत. एवढ्यात कॉर्पोरलबाईंचं कोपर त्याच्या बरगडीत बसलं. वरिष्ठांना ढोसण्याबद्दल फौजेत काय शिक्षा आहे कोण जाणे, पण डेरी खाली बसला.

मामानं खुर्ची ओढली. नियमाला तो भीक घालत नसे, पण रीत आली की त्याचा इलाज नसे. त्यानं दोन्ही बाटल्या आपल्यासमोर ठेवल्या. “पोकुआ, ही माणसं आलीत. बाटल्या आणल्यात. आम्ही प्यायलो आणि उद्या तू नाही म्हणालीस, तर प्यायलेलं आम्हाला ओकून परत देता यायचं नाही. घेऊ का?”

“घ्या, मामा.”

“हे एकदा झालं,” फोसुआ म्हणाली. “आम्हाला नीट ऐकू आलं नाही. लाजते आहे वाटतं.” लग्नात असं म्हणायचंच असतं, आणि यावर लोक हसतात. आज कुणी हसलं नाही.

“घेऊ का?” मामानं दुसऱ्यांदा विचारलं.

पोकुआ ‘घ्या’ म्हणणार होती. पण ती डेरीकडे वळली. दात बघितले, पळवलं, घराणं खणून काढलं. तिला प्रश्न विचारायची वेळ कुणी आणलीच नव्हती.

“साहेब, मला नर्सचंच काम मिळेल ना?”

“फौजेला नर्सेसची गरज आहे.”

“मला विचारायचंय, मला मिळेल का.”

डेरी थोडा घुटमळला. “बहुतेक मिळेल.”

“मिळेल का?”

तिचंही तीनदा विचारून झालं. डेरीनं फाइलवरून हात फिरवला. त्याला वरून काय सांगायला सांगितलं असेल ते असो. “खात्री देता येत नाही,” तो म्हणाला. “काही जणींना आधी गोदामात घालतात. काही जणी दोन-दोन वर्षं तिथंच राहतात. तुला घालणार नाहीत असं मी सांगू शकत नाही.”

आईनं कपाळाला हात लावला. पण पोकुआचा जीव, का कुणास ठाऊक, भांड्यात पडला. तीन वर्षांत तिला सगळ्यांनी खात्रीच दिली होती. सरकारनं दिली, कचेरीतल्या साहेबांनी दिली, पाद्रीबाबांनी तर देवाच्या नावानं दिली. ‘देता येत नाही’ म्हणणारा हा पहिला माणूस. आणि गोदामात का होईना, तिथं निदान कुणी पाठ उघडी टाकून गळू दाखवणार नव्हतं.

“घ्या, मामा,” ती म्हणाली.

“दोनदा झालं,” फोसुआ म्हणाली.

तिसऱ्यांदा मामानं विचारलंच नाही. त्यानं बाटली उचलली, परत ठेवली आणि डेरीला म्हणाला, “आमच्यात मुलगी देताना एक सांगतो. ती नकोशी झाली तर मारू नका, टाकू नका, जशी नेलीत तशी याच दारात आणून सोडा. आमच्या घराला कुलूप नसतं. हे तुम्ही कबूल करा, मग मी तिसऱ्यांदा विचारतो आणि सहीही करतो.”

डेरीनं फॉर्म चाळला. “असा रकाना नाही,” तो म्हणाला.

“मका कुमासीला पाठवतो मी. तिथं नाकारला तर तेच पोतं त्याच गाडीनं परत येतं, आणि ड्रायव्हर माझ्या हातात देतो. पोत्याला आहे आणि पोरीला नाही?”

“नियमात बसत नाही. मी तोंडी सांगतो हवं तर.”

“तुमचे केस पांढरे झालेत. तुम्ही दोन वर्षांत घरी बसाल.”

हे खरं असावं, कारण डेरी फॉर्मची पानं उगाच उलटायला लागला. पेन त्याच्यासमोर पडलं होतं आणि तो त्याला हात लावत नव्हता. बाहेर अंत्यविधीचे ढोल सुरू झाले होते. सारपोमाला तिथं केव्हाच पोचायला हवं होतं, पण ती जागची हलली नाही. दोन म्हातारे, दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि मध्ये पोकुआची बारा वर्षं.

“मी आणीन,” कॉर्पोरल आगबेको म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा रुमाल हातातच होता, पण आता त्या हसत नव्हत्या. “माझी अजून बरीच वर्षं बाकी आहेत, मामा. ती आजारी पडली, वेडी झाली, पोटुशी झाली, पळाली, काहीही झालं, तरी मी तिला या दारात आणून सोडीन. मी घर बघून ठेवलंय.” मग जरा थांबून त्या म्हणाल्या, “माझ्या वेळी माझ्या मामांनी सही केली आणि जेवायला निघून गेले. मला एकदाही कुणी विचारलं नव्हतं.”

मामानं पेन उचललं आणि सही केली, सावकाश, एकेक अक्षर दाबून. संमती आता मिळाली, असं म्हणत डेरीनं तो फॉर्म फाइलमध्ये लावला. प्रमुखांच्या बाटलीचं बूच मामानं दातानं उघडलं.

“पोकुआ,” तो म्हणाला, “तिसऱ्यांदा विचारतो. तिकडे तुला बरं वाटलं तर फौजेला सांग. नाही वाटलं तर आधी मला सांगायचं. पाद्र्याला नाही, वर्कशॉपला नाही, मला. कबूल असेल तर बोल. घेऊ का?”

पोकुआचं पहिलं ‘घ्या’ ढोलांच्या आवाजात बुडून गेलं. ‘ऐकू आलं नाही’ म्हणायची हीच वेळ, आणि एरवी फोसुआनं ती कधी सोडली नसती. पण फोसुआ पदराच्या टोकानं डोळे पुसत होती.

“घ्या, मामा,” पोकुआ म्हणाली. “तुम्हालाच सांगेन. आधी तुम्हाला.”